कातकऱ्याला कॉम्रेड म्हणून भागत नाही

जमीनदार गेला, सावकार गेला, शोषण संपलं की जातीजमातींमधला दुरावा आपोआप विरून जातो, हे विधान मी तरुणपणापासून ऐकत आलो आहे. शहापूरच्या बैठकांत ऐकलं, मुरबाडच्या मोर्च्यात ऐकलं, पुण्यामुंबईहून आलेल्या अभ्यासकांच्या तोंडून ऐकलं. हे विधान खोटं आहे. अर्ध्या युरोपात त्याला चाळीस वर्षं राज्य करायला मिळालं. जमीन, कारखाने, बँका, कोर्ट, शाळा, वर्तमानपत्रं, पोलीस, सगळं त्याच्या हातात होतं. तिथे काय झालं ते सगळं छापून आलेलं आहे. आणि ज्यांना अशी सत्ता कधी मिळाली नाही त्या आमच्या इकडच्या मंडळींनी त्याच विधानापायी काय गमावलं, ते पाहायला शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या आसपासच्या कुठल्याही कातकरवाडीत जावं.

मी कुणबी. घर डोळखांबच्या बाजूचं, आजोबाच्या डोंगराखालचं. माझे आजोबा दुसऱ्याच्या जमिनीवर कूळ होते. लाल झेंड्याच्या सभांना ते चालत जात. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ ही तारीख धरून कुळांना मालक ठरवलं आणि आमच्या घरात पहिल्यांदा सातबारा आला. त्या झेंड्याचं ऋण आमच्या घरावर आहे आणि ते मी नाकारत नाही. म्हणूनच हे बोलायचा हक्क माझा आहे. ज्यांच्या घरात त्या चळवळीने काही आणलंच नाही, त्यांनी आपला प्रश्न केव्हाच विचारला आहे आणि कोणी त्यांना उत्तर दिलेलं नाही.

आमच्या भागात एका संघटनेचं शिबिर होतं. वनहक्काचे दावे, खावटी, रेशनकार्ड असे विषय. फळ्यावर त्रिकोण काढलेला, टोकाला भांडवलदार, तळाला श्रमिक. तळाच्या पट्टीत कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी असं सगळं एका ओळीत लिहिलेलं. दाराशी बसलेली एक कातकरी बाई उठून उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला आणि विचारलं, ‘‘दादा, दावा मंजूर झाला, प्लॉट आमच्या नावावर झाला, तर मंग ठाकरवाडीच्या हिरीत आमाला दोर टाकून देतील का? का वरून ओततील तेच घ्यायाचं?’’ पुढच्या रांगेतली ठाकूर पोरं जमिनीकडे बघू लागली. वक्ते म्हणाले, ‘‘ताई, मालकवर्ग आपल्यात फूट पाडायला असे प्रश्न उभे करतो. आधी एकजूट होऊ द्या.’’ ती म्हणाली, ‘‘मालक कुठं हाय थितं? हिरीवर आमी आन त्याच असतो.’’ आणि खाली बसली. शिबिराचा अहवाल मी नंतर वाचला. त्यात ‘आदिवासी महिलांचा उत्स्फूर्त सहभाग’ होता. तिचा प्रश्न नव्हता.

हा प्रश्न टाळण्याची सवय एका शिबिराची किंवा एका वक्त्याची नाही. ती सिद्धांतातच आहे आणि सिद्धांताला राज्य मिळालं की ती कुठवर जाते, त्याचा पुरावा प्रागमध्ये आहे.

चेकोस्लोव्हाकियात फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी पूर्ण सत्ता घेतली. चेक आणि स्लोव्हाक हे दोन मोठे लोकसमूह, सीमेवर पोलिश आणि हंगेरियन वस्त्या, आणि हिटलरच्या छावण्यांतून वाचून आलेले थोडे ज्यू, असा तो देश. नव्या राज्यात वंशद्वेषाला जागा नाही असं अधिकृतपणे ठरलं होतं. पावणेपाच वर्षांनी, नोव्हेंबर १९५२ मध्ये, पक्षाचे माजी सरचिटणीस रुडॉल्फ स्लान्स्की आणि इतर तेरा जणांवर खटला उभा राहिला. चौदांपैकी अकरा ज्यू. आरोपपत्रात त्यांच्या नावांपुढे ‘ज्यू वंशाचा’ असं नमूद केलेलं. यांतले बहुतेक वर्षानुवर्षं पक्षाचे कार्यकर्ते होते, बहुतेकांनी धर्म केव्हाच सोडलेला होता. सिनेगॉगशी त्यांचा संबंध नव्हता, ज्यू राष्ट्रवादाशी तर त्याहून नव्हता. तरी आरोप काय, तर झिओनिस्ट कट. १९४८ साली नव्या इस्राएलला शस्त्रं विकली ती याच सरकारने, मॉस्कोच्या संमतीने. वारं फिरलं आणि तोच व्यवहार आरोपींच्या गळ्यात बांधला. कबुलीजबाब मारहाण करून, झोपू न देऊन घेतले आणि आरोपींकडून पाठ करून घेतले. अकरा जणांना ३ डिसेंबर १९५२ रोजी फाशी दिली. त्यांची राख पोलिसांनी प्रागबाहेरच्या बर्फाळ रस्त्यावर टाकून दिली.

या खटल्यातला एक कागद मला सगळ्यांत जास्त छळतो. आरोपींपैकी लुडविक फ्रेयका हे अर्थतज्ज्ञ होते. त्यांच्या किशोरवयीन मुलाचं पत्र ‘रूदे प्रावो’ या पक्षाच्या दैनिकात छापून आलं. आपल्या बापाला जास्तीत जास्त कडक, म्हणजे मृत्यूची, शिक्षा व्हावी अशी मागणी त्या मुलाने केली होती. कारखान्याकारखान्यांतून तशाच मागणीचे ठराव येत होते. कामगारांच्या नावाने ज्यूंना फाशी मागणारे ठराव, कामगारांच्याच राज्यात! मराठीत मार्क्सवादाची जेवढी शिबिरं मी पाहिली त्यांत पॅरिस कम्यून शिकवतात, ऑक्टोबर क्रांती शिकवतात, लाँग मार्च शिकवतात. स्लान्स्की खटल्याचं नाव मी एकाही शिबिरात ऐकलेलं नाही. का नाही, हे मला त्या शिक्षकांना सरळ विचारायचं आहे.

‘ती स्टॅलिनची विकृती’ हे ठरलेलं उत्तर आहे आणि ते पुरत नाही. स्टॅलिन मार्च १९५३ मध्ये मेला. पोलंडमध्ये ज्यूंना हाकललं ते १९६८ साली, तो मरून पंधरा वर्षं झाल्यावर. पोलंडचे पक्षप्रमुख गोमुल्का यांनी जून १९६७ मध्ये जाहीर भाषणात ‘पंचमस्तंभ’ हा शब्द वापरला. मार्च १९६८ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले तेव्हा दोष ज्यू नावांवर ढकलला गेला. कारखान्यांत सभा भरवल्या, फलक हातात दिले, विद्यापीठांतून आणि कचेऱ्यांतून माणसं काढली. पुढच्या तीनेक वर्षांत सुमारे १३,००० लोक देश सोडून गेले. जाताना नागरिकत्व सोडावं लागे. हातात जो प्रवासाचा कागद मिळे त्यावर, हा धारक पोलंडचा नागरिक नाही, असं लिहिलेलं असे. म्हणजे तो कोणत्या देशाचा, हे त्या कागदाला सांगताच येत नव्हतं. वॉर्साच्या ग्दान्स्का स्टेशनवरून गाड्या सुटत. ज्या देशात जर्मनांनी ज्यूंची जवळजवळ राखच केली होती, त्या देशातल्या उरल्यासुरल्यांची बोळवण समाजवादी सरकारने केली.

हे का होतं, यावर मी खूप विचार केला आहे. द्वेषाचं मूळ फक्त मालमत्तेत आहे असं एकदा मान्य केलं की मालमत्ता सरकारजमा झाल्यावर द्वेष उरताच कामा नये. पण तो उरतो. शेजाऱ्याच्या घरात, विहिरीवर, लग्नाच्या पंगतीत, पोलीस खात्यात, पक्ष कार्यालयातही उरतो. मग राज्यापुढे दोनच वाटा असतात. सिद्धांत अपुरा होता हे कबूल करायचं, किंवा द्वेष दाखवून देणाऱ्यालाच शत्रू ठरवायचं. सत्ताधारी पक्ष पहिली वाट धरत नाही. त्यातून भाव वाढले, दुकानं रिकामी पडली, लोक चिडले की कोणाकडे तरी बोट दाखवावं लागतं. जमीनदार आधीच संपवलेला, कारखानदार पळालेला. मग नाव पाहायचं, आडनाव पाहायचं, वंश पाहायचा. ज्या तिरस्काराला जागाच नाही असं जाहीर केलं होतं तोच तिरस्कार राज्याचं हत्यार होतो, आणि त्याविरुद्ध दाद मागायला कोर्ट नाही, वर्तमानपत्र नाही, संघटना नाही. भांडवलशाहीत ज्यूविरोध नव्हता असं मी म्हणत नाही. हिटलर कोणाच्या पैशावर वाढला हे मला माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच की तिथे त्याला नाव तरी होतं. समाजवादी राज्यात नाव घेणंच गुन्हा ठरलं.

स्लोव्हाकांचं वेगळ्या रीतीने तेच झालं. एप्रिल १९४५ च्या कोशित्से कार्यक्रमात त्यांना बरोबरीचं वचन दिलं होतं. मे १९४६ च्या निवडणुकीत चेक भागात कम्युनिस्ट पहिले आले, पण स्लोव्हाकियात डेमोक्रॅटिक पक्षाला ६२ टक्के आणि कम्युनिस्टांना ३० टक्के मतं पडली. त्यानंतर स्लोव्हाकांचे अधिकार एकेक करून प्रागने काढून घेतले. स्लोव्हाक कम्युनिस्टांनी हू की चू केलं की ‘बूर्झ्वा राष्ट्रवादी’ असा शिक्का. व्लादिमीर क्लेमेंतिस हे परराष्ट्रमंत्री राहिलेले स्लोव्हाक, त्यांना स्लान्स्कीबरोबरच फासावर चढवलं. गुस्ताव हुसाक यांना १९५४ साली जन्मठेप झाली. १९६० च्या राज्यघटनेने उरलीसुरली स्वायत्तताही गुंडाळली. हाच हुसाक सुटून आला आणि रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरल्यावर, एप्रिल १९६९ मध्ये, पक्षप्रमुख झाला. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच पुढे वीस वर्षं इतरांची तोंडं बंद केली. या माणसाबद्दल मला दया वाटत नाही. १ जानेवारी १९९३ रोजी दोन देश वेगळे झाले. रक्त सांडलं नाही हे चांगलंच झालं. पण ज्या राज्याने चाळीस वर्षं बंधुभावाचे धडे पाठ करून घेतले, ते राज्य गेल्यावर तीनेक वर्षांत दोन भावांनी चूल वेगळी केली.

चेक आणि पोलिश यांच्या भांडणाचं ठिकाण म्हणजे तेशिनचा कोळशाचा पट्टा. १९२० साली त्याची वाटणी झाली, ऑक्टोबर १९३८ मध्ये म्युनिकच्या गडबडीत पोलंडने चेकांचा वाटा बळकावला. १९४५ साली दोन्हीकडे नवी, ‘मित्र’ सरकारं असूनही सैन्य सरहद्दीवर आलं होतं. मॉस्कोने कान धरले तेव्हा १९४७ चा मैत्री करार झाला. तिथल्या पोलिश लोकांच्या शाळा आणि संस्था चालू राहिल्या, हे न्यायाने सांगायला हवं. पण मनं जुळली नाहीत. ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात जी सैन्यं घुसली त्यांत पोलंडचंही सैन्य होतं.

हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय, असं म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरजवळ वळिवड्याला जाऊन यावं. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांना घरातून उचललं होतं ते सोव्हिएत सत्तेने, १९४० आणि १९४१ साली, पूर्व पोलंडातून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे. तिथून इराणमार्गे ती माणसं हिंदुस्थानात आली. कोल्हापूरच्या मातीत त्यांची चर्च, शाळा, स्काउटची पथकं उभी राहिली. लढाई संपली तरी बहुतेकजण पोलंडला परतले नाहीत, कारण त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती आणि उरलेल्या पोलंडवर त्यांना उचलून नेणाऱ्यांच्याच माणसांचं राज्य होतं. त्यांनी रिकाम्या केलेल्या बराकींत सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. महाराष्ट्राच्या भूमीवर साम्यवादी राजवटीने देशोधडीला लावलेल्या माणसांचा एवढा मोठा पुरावा असताना आपल्याकडच्या डाव्यांनी त्यावर काय लिहिलं? मला शोधून सापडलं नाही.

आता आमच्याकडे येतो.

२ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यात सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कोतवाल माथेरानचे, नाभिक समाजातले, वकील. त्यांच्या आझाद दस्त्यात वाडीवस्तीवरची साधी माणसं होती. विजेचे मनोरे पाडून त्यांनी सरकारला सळो की पळो केलं होतं. त्या वेळी कम्युनिस्ट पक्ष कुठे होता? सोव्हिएत रशियावर हल्ला झाला म्हणून हे ‘लोकयुद्ध’ आहे, असं ठरवून पक्षाने छोडो भारत आंदोलनाच्या विरोधात भूमिका घेतली होती. जुलै १९४२ मध्ये ब्रिटिशांनी पक्षावरची बंदी उठवली होती. सिद्धगडाच्या पायथ्याची माणसं काय करतायत हे ज्यांना मॉस्कोवरून दिसत नव्हतं, त्यांच्या सिद्धांताबद्दल आम्हाला शंका येणारच.

आणि तरीही, पुढच्या दोनच वर्षांत त्याच पक्षाच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी ठाणे जिल्ह्यात जे केलं ते थोर होतं. कल्याण, मुरबाड, शहापूरच्या गावांतून किसान सभा फिरली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला परिषद झाली, तिथे उंबरगाव तालुक्यातून वारली आले. मे महिन्यात झरीला हजारो वारली जमले आणि वेठीला नकार दिला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांना जन्मभर राबवणारी लग्नगडीची प्रथा मोडली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने वारल्यांच्या गुलामीवर सरकारला अहवाल दिला होता, तो १९३९ सालापासून पडून होता. तो प्रश्न शेवटी वारल्यांनी स्वतःच्या छातीवर गोळ्या झेलून सोडवला. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचताना आजही माझा ऊर भरून येतो. शामराव १९६५ साली तुरुंगातच वारले. अशी माणसं पुन्हा झाली नाहीत.

पण तलासरी, डहाणूत जे जमलं ते शहापूर, मुरबाडला का जमलं नाही, याचं उत्तर कोणी देत नाही. मी देतो. तिकडे राबणारा वारली होता आणि जमीनदार, जंगल ठेकेदार, सावकार बाहेरचे होते. जमात आणि वर्ग यांची रेघ एकच होती. झेंड्यावर वर्ग लिहिलं तरी उठला तो वारली, वारली म्हणून, वारल्यांच्या बोलीत, वारल्यांच्या मानासाठी. म्हणून तो झेंडा तिकडे अजून आहे, डहाणूला २०१९ आणि २०२४ साली आमदारही निवडून आला. आमच्याकडे राबणाऱ्यांतच पाच पायऱ्या. कुणबी आणि आगरी कुळं, खाली महादेव कोळी, ठाकूर, आणि सगळ्यांच्या तळाशी कातकरी. इथे ‘सगळे श्रमिक एक’ म्हटलं की वरच्या पायरीवरच्याचं भलं होतं आणि खालच्याला तोंड उघडता येत नाही. कूळ कायदा आला. कुळाला जमीन मिळाली, आमच्यासारख्यांना मिळाली. कातकरी कूळ नव्हताच. तो खैराचा कात काढायचा, कोळसा पाडायचा, दुसऱ्याच्या शेतावर गडी राहायचा. त्याचं नाव कुठल्याच पाहणीपत्रकात नव्हतं. क्रांतीची पहिली पंगत उठली तेव्हा तो अंगणाबाहेर उभा होता आणि दुसरी पंगत कधी बसलीच नाही.

शामराव परुळेकरांना हे कळत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. ते १९३७ साली आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते. खोतीविरुद्ध कोकणातले कुणबी आणि महार एकत्र उभे राहिले, १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा गेला, त्यात ते होते. त्या पक्षाला जात दिसत होती, ती बाजूला न ठेवता कुणबी-महार एकी होऊ शकते हे त्याने दाखवलं होतं. शामराव तो पक्ष सोडून लाल झेंड्याकडे गेले. मुंबईच्या गिरण्यांत तर हे आधीच उघडं पडलं होतं. विणकाम खात्यात दलितांना कामच नसे, कारण कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ होई. पगार त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला तेव्हा कुठे युनियनच्या मागण्यांत नाइलाजाने त्याला जागा मिळाली. मालकाला हवा होता म्हणून नाही, कामगाराला हवा होता म्हणून तो विटाळ टिकला. धुळ्याच्या शरद पाटलांनी हेच पक्षात बसून सांगितलं. त्यांना १९७८ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढावा लागला. माणूस विद्वान, आदिवासींत मुरलेला, मार्क्सवर निष्ठा असलेला. त्याचं ऐकलं असतं तर आज हे लिहावं लागलं नसतं.

या आंधळेपणाची किंमत कोण देतं ते दिवाळी झाल्यावर बघा. वाडीवर ट्रक येतो. बयाणा आधीच घेतलेला असतो, कोणी आजारपणाला, कोणी लग्नाला, कोणी नुसतं पावसाळ्यात खायला. घराच्या दाराला काट्यांची झापडी लावायची, टोपलीत कोंबड्या, बोचक्यात भांडी, वर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून. शाळेत जाणारी पोर आईच्या पुढ्यात बसवलेली, कारण धाकट्याला भट्टीवर सांभाळायला कोणीतरी हवं. शेठ वहीत नाव लिहून घेतो. हजार विटांमागे काय दर लागला ते पावसाळ्याच्या तोंडाला हिशोब होतो तेव्हा कळतं, आणि हिशोबात बयाणा कधी फिटत नाही. वेठबिगारी कायद्याने बंद होऊन दशकं लोटली. हा शेठ कोण? पारशी जमीनदार नाही, मारवाडी सावकार नाही. कित्येक ठिकाणी तो आमच्यातलाच आहे, ज्याच्या आजाला कूळ कायद्याने जमीन मिळाली त्याचा नातू. ज्या जमिनीत भट्टी लागते ती तीच जमीन. मला हे लिहिताना आमच्या समाजातल्या किती जणांचा रोष पत्करावा लागणार आहे ते माहीत आहे. पत्करला.

आणि घराखालची जागा? कित्येक कातकरवाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. तीन पिढ्या राहूनही जमीनमालक उद्या उठ म्हणाला, फार्महाऊसवाल्याला विकली, तर उठावं लागतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने अतिमागास जमातींसाठी जनमन योजना आणली, महाराष्ट्रात त्यात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड आहेत. पक्कं घर मिळणार. कुठे बांधायचं? जागेचा कागद आणा, म्हणतात. २०२२ साली कसाऱ्याच्या पलीकडे इगतपुरी तालुक्यात उघड झालं की कातकऱ्यांची मुलं चार पैशांवर, एखाद्या मेंढीवर, दुसऱ्या जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती. एक दहा वर्षांची मुलगी मेली तेव्हा ते बाहेर आलं. ठाकूर, कोळ्यांची मुलं त्यात का नव्हती? याचं उत्तर ‘आदिवासी’ या एका शब्दात बसत नाही. आदिवासींच्या नावावर राखीव जागा, वसतिगृहं, नोकऱ्या, सरपंचपदं येतात. कातकऱ्याच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे जमातवार मोजून जाहीर करायला कुठलीच संघटना तयार नाही, डावीही नाही. मोजलं तर आपल्यातले वरचे उघडे पडतील.

‘तुम्ही उजव्यांच्या हातात कोलीत देताय’ असं आता म्हटलं जाईल. कोलीत माझ्या हातात आहे आणि ते मी दोन्हीकडे धरणार आहे. प्रागचे आणि वॉर्साचे फोटो दाखवून ज्यांना आनंद होतो, त्यांनी पाड्यापाड्यांत काय चालवलंय? ख्रिस्ती झालेल्या आदिवासीला अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा म्हणून मोर्चे काढतात. एकाच वाडीतल्या दोन भावांत भिंत घालतात. कोणाचं नाव पाहून कोणाला नागरिक म्हणायचं, कोणाला परका, हे गोमुल्काचंच काम आहे, झेंडा तेवढा वेगळा. ज्यांना स्लान्स्कीसाठी रडू येतं आणि आपल्या गावात शेजाऱ्याला परका ठरवताना येत नाही, त्यांच्याकडून मी कम्युनिझमवर व्याख्यान ऐकून घेणार नाही.

माझं भांडण डाव्यांशी आहे कारण माझी अपेक्षा त्यांच्याकडून आहे. भट्टीवर रात्री जाऊन वही बघायला, तहसीलदारासमोर ठिय्या द्यायला, काळू धरणाविरुद्ध मुरबाडच्या लोकांबरोबर उभं राहायला तेच येतात, दुसरं कोणी येत नाही. तानसा, भातसा आणि वैतरणा ही धरणं शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी देतात आणि उन्हाळ्यात आमच्याच वाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते, हे ओरडून सांगणारेही तेच. म्हणून त्यांनाच विचारतो. तुमच्या तालुका कमिटीत कातकरी किती? मोर्च्यात नव्हे, कमिटीत. जंगल जमिनीचे जे दावे तुम्ही मंजूर करून आणले त्यांत कोळ्यांचे किती, ठाकरांचे किती, कातकऱ्यांचे किती, हे छापा. ज्या कार्यकर्त्याच्या भावाची वीटभट्टी आहे त्याला त्या मोसमात सभासदत्वावरून दूर ठेवा, तो कुणबी असो, आगरी असो, माझा नातेवाईक असो. कातकरवाडीखालची जागा गावठाणात घ्या हा ठराव प्रत्येक ग्रामसभेत पहिल्या क्रमांकावर आणा आणि त्याला विरोध कोण करतो त्याचं नाव प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. पुढच्या शिबिरात स्लान्स्कीचं आरोपपत्र वाचा, मोठ्याने, नावांसकट. आणि विहिरीचा विषय निघाला की फूट पडेल म्हणून बाजूला सारू नका. ठाकरवाडीतल्या तुमच्या कार्यकर्त्यांना घेऊन त्या विहिरीवर जा, तिथे कातकरणीच्या हातात दोर द्या, आणि ज्याला चालणार नाही त्याला त्याच दिवशी संघटनेतून मोकळं करा. माणसं कमी होतील. होऊ द्या.